दादांना कुठे ठेवायचं

४ मार्च

वन्सं,

तुमच्या दादांना काचगोदामातून काढून टाकलं, ही बातमी खरी आहे. शनिवारी संध्याकाळी मुकादम स्वतः दारात येऊन सांगून गेला. आत या म्हटलं तर म्हणाला, "नको, बूट काढावे लागतील." माणसाला कामावरून काढायला बूट काढावे लागत नाहीत, हे त्याचं बरोबर आहे.

हे सांगायला फोन केला तर तुम्ही "वर्गावर आहे" म्हणून ठेवून दिलात. रविवारी कोणता वर्ग असतो कोण जाणे. म्हणून पत्र लिहितेय. ते मध्येच ठेवून देता येत नाही, निदान फाडावं तरी लागतं.

झालं ते असं. एका दुकानाच्या दर्शनी बाजूची मोठी काच गाडीतून उतरवत होते. तुमचे दादा पुढे, त्यांचा जोडीदार मागे. दादांचा पाय डगमगला आणि काच गेली. कोणाला ओरखडा नाही, पण गिऱ्हाईक मोठं होतं, तेव्हा कोणाला तरी धरायला हवं होतं. तपासणी केली, तिच्यात गोळ्या निघाल्या. निघणारच. पाठीच्या ऑपरेशननंतर त्या कडक गोळ्या, अफूच्या जातीच्या, गोदामाच्याच डॉक्टरांनी सुरू केल्या. दोन वर्षं तेच लिहून देत होते आणि तपासणीही त्यांनीच केली. स्वतःच लिहून दिलेलं औषध पेशंटच्या अंगात सापडलं म्हणून त्यांना फार धक्का बसला म्हणे.

त्या दिवसापासून गोळ्याही बंद. "तुम्ही आता इथले कामगार नाही, म्हणजे माझे पेशंटही नाही." इतकं सोपं. इथे घरात दादा घामाने भिजतात, पाय झाडतात, पोटात काही ठरत नाही. ज्या माणसाने काचेच्या कडेने फाटलेला हात स्वतः शिवून घेताना हूं की चूं केलं नाही, तो न्हाणीघरात बादली उपडी घालून तिच्यावर बसून रडतो.

आता कामाचं. तुमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात यावर उपचार मिळतो. एक खिडकी आहे. रोज सकाळी तिथे जाऊन नर्ससमोर जिभेखाली एक गोळी ठेवायची, तिने तलफ आणि हा सगळा त्रास थांबतो, मग डॉक्टर हळूहळू पुढचं बघतात. अट एकच. सुरुवातीचे काही महिने पेशंट शहरातच कोणा नातेवाइकाकडे राहायला हवा. त्याच्याबरोबर सकाळी कोणीतरी यायला हवं, आणि सुट्टीच्या दिवसाची गोळी त्या नातेवाइकाने घरात कुलपात ठेवायला हवी. मी पहाटेची पहिली बस चालवते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं घर त्या रुग्णालयापासून चालत जाण्यासारखं आहे, हे मला माहीत आहे.

दादांना तुमच्याकडे ठेवून घ्याल का, एवढंच विचारायचं होतं.

वहिनी

---

९ मार्च

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं आणि कार्यालयातल्या तीन हातांतून फिरत माझ्यापर्यंत पोचलं. यापुढे घरच्या पत्त्यावर पाठवा.

दादाचं ऐकून वाईट वाटलं. आश्चर्य वाटलं असं म्हणणार नाही. उपमुख्याध्यापिका म्हणून माझ्यासमोर रोज कोणी ना कोणी उभा असतो, आणि प्रत्येकाकडे कारण असतं. बस चुकली, वही घरी राहिली, मित्राने चिथावलं. दादाकडे मुकादम आहे, डॉक्टर आहे, जोडीदार आहे. तो स्वतः मात्र या यादीत कुठेच नाही.

एक आठवण करून देते. त्याच वर्षी माझ्याही पाठीचं ऑपरेशन झालं. मलाही त्याच गोळ्या होत्या. मी दीड महिन्यात सोडल्या. एक दिवस ठरवलं आणि सोडल्या, मला कोणती खिडकी लागली नाही. आम्ही एकाच आईच्या पोटचे, तेव्हा रक्ताला दोष देता येत नाही. फरक असेल तर मनाच्या घडणीचा आहे.

आणि एक नशा सोडवायला सरकारने दुसरी वाटायची, हे मला समजूच शकत नाही. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेताना मी त्याला दुसरा मोबाइल देत नाही.

घरी ठेवणं शक्य नाही. लेकीचं लग्न ठरायच्या बेतात आहे. मुलाकडचे केव्हाही भेटायला येतील. मुलाची आई फार बारीक नजरेची बाई आहे. मागच्या वेळी बोलता बोलता तिने आमच्या पंख्याची पाती पाहून घेतली. तिच्यासमोर थरथरणाऱ्या हाताने चहाचा कप धरून दादा बसलाय, ही कल्पना करून बघा. ह्यांनी तर ऐकताक्षणी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पण मी हात झटकणारी नाही. ह्यांच्या मंडळातले एक गृहस्थ गावाबाहेर निर्धार शिबिर चालवतात. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. तिथे गोळी नाही, सुई नाही. पहाटे धावणं, थंड पाणी, शिस्त आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःची चूक कबूल करणं. प्रवेशासाठी लोक थांबून असतात, पण ह्यांच्या शब्दाखातर दादाला लगेच घेतील. त्याला पाठवा. बहीण म्हणून याहून जास्त काय करायचं असतं ते मला कळत नाही.

तुमची,
वन्सं

---

१३ मार्च

वन्सं,

"एक दिवस ठरवलं आणि सोडल्या" हे वाक्य मी डेपोत वाचलं आणि इतकी हसले की कंडक्टरने पाणी आणून दिलं.

तुमच्या ऑपरेशननंतर तुमच्याकडे स्वयंपाकाला मीच होते, हे तुम्ही विसरलात. मला सगळं आठवतं. तुमच्या पलंगाला घंटी बांधली होती. व्यायाम करून घेणारी बाई घरी यायची आणि जाताना तुमचं कौतुक करायची. डॉक्टर स्वतः फोन करून सांगायचे, या आठवड्यात अर्धी करा, पुढच्या आठवड्यात पाव करा, जमत नसेल तर घाई नको. तुमच्या वर्गावर बदलीच्या बाई होत्या आणि पगार तुमचा तुम्हालाच होता. तुमच्या मनाची घडण मी जवळून पाहिलीय, वन्सं. तिला चार उशा लागत होत्या.

आता दादांचं ऐका. काचगोदामात माणसं जोडीने लावतात. दोघांचा खांदा एका उंचीचा आणि पाऊल एका लांबीचं असावं लागतं, नाहीतर काच तिरपी होते आणि तिरपी काच स्वतःच्याच वजनाने तडकते. अशी जोडी जुळायला महिने जातात. म्हणून एक आला नाही तर दुसऱ्याला फाटकावरूनच परत पाठवतात. त्याला दुसरं काम देत नाहीत, दुसरा माणूसही देत नाहीत. डॉक्टरांनी दादांना तीन महिने विश्रांती सांगितली होती. जोडीदार रोज सकाळी फाटकापर्यंत जायचा आणि परत येताना आमच्याकडे डोकवायचा. इतकी वर्षं बरोबर काम केलंय की त्याला आमच्या गल्लीत सगळे जोडीदारच म्हणतात. यायचा, पाणी प्यायचा, "घाई करू नकोस" म्हणायचा आणि बसून राहायचा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, हे तो सांगत नव्हता, पण ते आम्हाला दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात तुमचे दादा उठले, गोळी घेतली आणि गेले. एका गोळीवर काच उचलवत नाही असं दिसल्यावर दोन घेतल्या. गोदामाच्या डॉक्टरांनीही मग दोन लिहिल्या. मुकादम सगळ्यांसमोर पाठ थोपटायचा, "याला म्हणतात कामगार." ऑपरेशन झालेली पाठ थोपटायचा, तीही जोरात.

दोन वर्षं गोळ्या खाऊन काच उचलत होते तोवर ते मेहनती होते. काच पडली त्या दिवसापासून व्यसनी झाले. ही घडण मनाची की गोदामाची, ते तुम्ही उपमुख्याध्यापिका म्हणून ठरवा.

तुमच्या कॅप्टनकडे पाठवू नये असं माझं मत होतं. पण तुमचं पत्र दादांनी वाचलं. म्हणाले, "ती म्हणते तर असेल. तिचं गणित लहानपणापासून बरोबर यायचं." मी म्हटलं, हे गणित नाही, तुमचं अंग आहे. ऐकलं नाही. उद्याच्या गाडीने निघतायत. घाम पुसायला दोन पंचे दिलेत.

वहिनी

---

६ एप्रिल

प्रिय वहिनी,

काल रविवारी शिबिरात जाऊन आले. तुम्ही बरोबर असायला हवं होतं, म्हणजे पुढचं लिहायची गरज पडली नसती.

दादा बरा झाला आहे. चेहऱ्यावर रंग आलाय. हात थरथरत नाहीत. मी मुद्दाम त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. पहिला आठवडा त्याला जड गेला, असं कॅप्टन म्हणाले, तेवढे दिवस एका खोलीत बाहेरून कडी लावून ठेवावं लागलं. पण त्यानंतर एकही गोळी नाही. मोकळ्या मैदानात सगळ्यांची सभा झाली तेव्हा दादा उभा राहिला आणि म्हणाला, "मी दुबळा होतो. चूक माझी होती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा फोटो काढून 'मुक्त झालेले' अशा पाटीखाली भिंतीवर लावला. मला रडू आलं.

बदलीच्या बाई, चार उशा, घंटी, या सगळ्याचा हिशेब तुम्ही फार छान मांडला होतात. कॅप्टनकडे तर एकही उशी नाही, विटेवर पंचा गुंडाळून झोपतात. तरी माणूस बरा होतो. त्याचं काय उत्तर आहे तुमच्याकडे?

शुक्रवारी त्याला घरी सोडतील. आता तुम्ही त्याला कारणं पुरवू नका, एवढीच विनंती. "बिचारा" म्हटलं की माणूस बिचारा होतो.

तुमची,
वन्सं

---

२१ एप्रिल

वन्सं,

तुमचे दादा जिवंत आहेत. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तसं सांगितलं.

घरी आले ते खरंच बरे दिसत होते. पाठ मात्र होती तशीच होती, तिच्यावर तुमच्या कॅप्टननी रोज गार पाणी ओतलं एवढंच. परवा जोडीदार आला. एका नव्या इमारतीत आरसे बसवायचे होते, गोदामाला जोडी मिळत नव्हती. मुकादमाने निरोप दिला होता, दोघं मिळून आलात तर एका दिवसाचं काम देतो, जुनं सगळं विसरतो. एकट्या जोडीदाराला नाही म्हणाला होता. इतके आठवडे तो फाटकावरूनच परत येत होता. त्याच्या खांद्याला दुसरा खांदा मिळाला नव्हता. मी पहाटेच्या फेरीवर होते. दादा गेले.

दुपारपर्यंत पाठ धरली. जोडीदाराकडे गोळ्या होत्या. त्यालाही आता पाठ आहे, म्हणजे त्यालाही गोळ्या आहेत. त्याने दादांना नेहमीच्या दिल्या, पूर्वी घ्यायचे तेवढ्याच. एकही जास्त नाही. त्याला वाटलं आपण जपूनच देतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घात तिथेच झाला. महिनाभर गोळी बंद राहिली की अंगाची सवय जाते. मग पूर्वी ज्याच्यावर माणूस दिवसभर काम करायचा, तेवढ्याच गोळ्यांनी श्वास थांबतो. म्हणून गोळी नुसती तोडून माणसाला घरी पाठवणं हे सगळ्यात धोक्याचं, असं त्या म्हणाल्या. कोणी पाठवलं होतं असं विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या सुशिक्षित बहिणीने.

गाडीत दादा आरशांच्या चौकटीला टेकून बसले होते. जोडीदाराला वाटलं डोळा लागला. मग आरशात त्याला त्यांचे ओठ दिसले, निळे. त्याने गाडी तशीच सगळ्या आरशांसकट रुग्णालयात आणली. उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर श्वास परत आला. मुकादम संध्याकाळी आला तो आरसे मोजायला. सगळे शाबूत निघाले.

तुमच्या कॅप्टनना मी फोन केला. म्हणाले, "आमच्याकडून तर ते बरे होऊनच गेले होते. पुढचं टिकवणं कुटुंबाचं काम." त्यांच्या पाटीवर हे बारीक अक्षरात लिहायला हरकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी खिडकीच्या उपचारासाठी स्वतः चिठ्ठी दिली आहे. जागा दहा मेपर्यंत राखून ठेवतील. अट तीच, नातेवाईकही तेच. पुन्हा असं झालं तर दर वेळी आरसा समोर नसेल, असंही त्या म्हणाल्या.

आणखी काय लिहू.

वहिनी

---

२५ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून दोन तास खोलीचं दार लावून बसले होते. दादा वाचला, बाकी सगळं मागाहून.

पण काही गोष्टी बोलायलाच हव्यात. त्या जोडीदाराला तुम्ही अजून घरात कसं येऊ देता? माणसाने माणसाला विष दिलं आणि तुम्ही त्याच्या बायकोचे दिवस मोजता. त्याची पोलिसात तक्रार करा. करायची नसेल तर निदान त्याची बाजू मांडणारी पत्रं मला पाठवू नका.

"सुशिक्षित बहीण" हे डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज होती का? मी शिबिर सुचवलं, कडेवर घेऊन पोचवलं नव्हतं.

आता दुसरं. ही बातमी इकडे कोणाकोणाच्या तोंडून पोचली, तेव्हा मी मुलाकडच्यांना हृदयविकार सांगितलाय. तुम्हीही विचारलं तर तेच सांगा. श्वास थांबला होता, तेव्हा अगदीच खोटं नाही. मुलाच्या आईने लगेच आपल्या मोठ्या जावेच्या हृदयविकाराची हकीकत सांगितली, फार आपुलकीने बोलली. हृदयविकार झालेल्या माणसाबद्दल लोक किती चांगलं बोलतात, ते मी प्रथमच ऐकलं.

पण त्यामुळे त्याला इथे ठेवण्याची अडचण जास्तच झाली आहे. हृदयविकाराचा माणूस रोज सकाळी त्या रांगेत उभा दिसला तर मी काय सांगणार? मुलाचा काका त्याच रस्त्याने फिरायला जातो. लेकीचं एकदा ठरू दे. मग बघू. दहा मेची तारीख पुढे ढकलता येते का विचारा. तारखा सगळीकडे पुढे ढकलतात.

वन्सं

---

२९ एप्रिल

मास्तरीणबाई,

तुझ्या वहिनीने लिहायचं बंद केलंय, म्हणते तुझ्याशी बोलण्यापेक्षा बसच्या इंजिनाशी बोललेलं बरं. म्हणून मी लिहितो. अक्षर वाकडं येतंय, ते अजून हाताला सुया आहेत म्हणून. उगाच कारण शोधू नकोस.

तू जोडीदारावर रागावू नकोस. काच उचलताना पुढच्याला मागचा दिसत नाही. त्याचं पाऊल आपल्या पाठीला कळतं. तो थांबला की आपण थांबतो, तो वाकला की आपण वाकतो, कोणी बोलत नाही. इतकी वर्षं असं चाललं की मी घरी बसलो तेव्हा मला आपण कोणाला तरी मध्येच सोडून आलो असं वाटायचं. त्याने बोलावलं नसतं तरी मी गेलो असतो. तो रोज इथे येऊन बसतो, पूर्वीसारखाच. त्यालाही त्या खिडकीचं सांगितलंय. त्याचा नातेवाईक शोधतोय.

शिबिरात मी "दुबळा होतो" म्हणालो, त्यावर तू रडलीस. तिथे ते म्हटल्याशिवाय जेवायला बसू देत नव्हते. माझ्या आधी एक स्वयंपाकी होता, भाजलेल्या हातासाठी त्याला गोळ्या लागल्या होत्या. त्याने दोन दिवस म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला. मी शहाणा, पहिल्याच फटक्यात म्हणालो. कॅप्टनना वाटलं मी सुधारलो. मला भूक लागली होती.

तू गोळ्या सोडल्यास ते खोटं नाही, हे मी तुझ्या वहिनीला सांगितलं. तुला त्रास झाला होता, मी पाहिलं होतं. फक्त तू पडलीस तेव्हा खाली गादी होती. माझ्याखाली फरशी होती. पडणं दोघांचं सारखंच.

तारीख पुढे ढकलता येत नाही, विचारलं. तुझ्याकडे येणं जमत नाही हे समजलं. मी इथूनच रोज येऊन-जाऊन करता येतं का ते बघतोय. पहिली बस तुझ्या वहिनीचीच आहे, पण ती पोचते तोवर खिडकी बंद होते. तिला म्हटलं जोरात चालव. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं तू शाळेत मुलांकडे बघत असशील.

हृदयविकार सांगितलास ते चालेल. उलट बरंच वाटलं. फक्त मग जिन्यावर माझा हात धरावा लागेल, आणि लोकांसमोर मला "जपून" म्हणावं लागेल. ते तुला कितपत जमेल, मला शंका आहे.

लेकीला आशीर्वाद.

दादा

---

६ मे

वहिनी,

तुम्ही माझ्याशी बोलत नाही, तरी वाचाल. हे पत्र दादाला दाखवू नका, तो लगेच कोणाला तरी माफ करून टाकतो.

परवा मी शिबिरात गेले होते. दादाचं पत्र हातात होतं. कॅप्टनना म्हटलं, तुमच्या भिंतीवरचा एक माणूस मरता मरता वाचला. ते म्हणाले, ऐकलं, वाईट झालं. म्हटलं, मग फोटो? ते म्हणाले, फोटोचा त्याच्याशी संबंध नाही, इथून गेले त्या दिवशी ते मुक्तच होते. मी विचारलं, बाकीच्या भिंतीचं काय? यातले आज कोण कुठे आहेत? दादाने लिहिलेल्या त्या भाजक्या हाताच्या स्वयंपाक्याचा फोटो खालच्या रांगेत होता, खाली 'स्वयंपाकी' लिहिलेलं आणि हात पाठीमागे लपवलेला. कॅप्टन म्हणाले, "आम्ही मागे वळून बघत नाही, बाई. ते आमच्या तत्त्वात बसत नाही." इतकी वर्षं शाळेत काढली, पण वर्षभर शिकवून परीक्षाच न घेणारा आणि तरी सगळ्यांना उत्तीर्ण करणारा माणूस मी प्रथमच पाहिला. आणि या माणसाकडे मी माझ्या भावाला शिफारस लावून पाठवलं. मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि दादाचा फोटो काढून घेतला. पाठ दुखली. कॅप्टन म्हणाले, हे नियमात नाही. म्हटलं, मंडळात तक्रार करा, अध्यक्ष आमचेच आहेत. ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत, तेव्हा तुमचं नक्की ऐकतील.

तिथून खिडकी बघायला गेले. खोट काढायलाच गेले होते, लपवत नाही. ती मिळालीही. रांगेत सगळे पाठीचे, मानेचे, गुडघ्याचे पेशंट आणि बसायला एक बाक नाही. ओझी उचलणारे, फरशी पुसणाऱ्या बायका, एक नळाला पाणी सोडणारा, सगळे भिंतीला टेकून उभे. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, इथे आजारी माणसं येतात हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? तो म्हणाला, बाकाचा अर्ज वर गेलाय. मी म्हटलं, वर म्हणजे कुठे, मला जिना दाखवा. बाक अजून आलेला नाही, पण तो कारकून मला आता ओळखतो. दादाचं नाव घालून आले. नातेवाईक म्हणून सही माझी आहे.

तुमचं सगळं पटलं असं समजू नका. जोडीदाराने गोळ्या दिल्या हे मी विसरणार नाही आणि तुमची जीभ तर मुळीच नाही. दादाने माणूस म्हणून थोडं "नाही" म्हणायला शिकायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे. फक्त "नाही" म्हटल्यावर ज्याला फाटकावरून परत पाठवत नाहीत, त्याला ते शिकणं सोपं जातं. एवढं मी मान्य करते.

खोलीचं सांगते. पाहुण्यांची खोली दादाला दिली आहे. पलंग कडक आहे, पाठीला तोच लागतो. उशा दोन ठेवल्यात. आणखी हव्या असतील तर तुम्ही मोजून पाठवा. सुट्टीच्या दिवसाची गोळी माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्या गळ्यात. सकाळी त्याच्याबरोबर मीच जाईन. म्हणजे प्रार्थनेच्या वेळी शाळेत उशीर होणार. मुख्याध्यापकांना तसं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, त्यांच्याही मेहुण्याचं असंच काहीतरी आहे, पण घरात हृदयविकार सांगतात.

नर्सने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पहिल्या काही आठवड्यांत बरेच जण येणं सोडतात. कोणीतरी कामाला बोलावतं आणि ते जातात. तेव्हा जोडीदाराला निरोप द्या की मुकादमाने पुन्हा बोलावलं तर दादाकडे येऊ नकोस, माझ्याकडे ये. त्याच्यासाठी नातेवाईक मिळत नसेल तर तेही बोलू. मी त्याच्यावर रागावलेलीच राहणार आहे, पण सही करता येते.

उरलं लेकीचं. तिनेच काल मुलाला फोन करून सगळं सांगितलं, हृदयविकार वगैरे नाही, गोळ्या, काच, शिबिर, सगळं. मला विचारलंही नाही. मुलगा म्हणाला, आईला सांगतो. त्यानंतर तिकडून काही नाही. ठरल्याप्रमाणे मुलाकडचे रविवारी संध्याकाळी येणार होते. येणार नाही असं त्यांनी कळवलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, ते येणार नाहीत. लेकीचं म्हणणं, येतील. मी दोन्हीची तयारी ठेवली आहे.

दादाने रविवारी दुपारच्या गाडीने यावं. तुम्हीही या, सोमवारची पहाटेची फेरी कोणाला तरी बदलून द्या, तुमच्या डेपोत तेवढी माणुसकी असेल तर. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असेन, हे वर्तमानपत्रामागे. घंटी वाजली तर दार दादा उघडेल. सोमवारी खिडकी आठला उघडते. आम्ही साडेसातला घरून निघू.

वन्सं